दमा असेल तर फुंकून मोजा

मागं उभे आहात त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. तर दमा. पेशंट येतो, म्हणतो डॉक्टर, छाती भरलीय, मग आम्ही स्टेथोस्कोप लावतो, शिट्टी ऐकू आली तर दमा, नाही आली तर ॲलर्जी आणि एक सिरप. बरीच वर्षं असंच चाललंय. बीपी न मोजता बीपीची गोळी कोण घेतं का? मग पंप तेवढा अंदाजावर सुरू होतो, आणि जरा बरं वाटलं की पेशंट अंदाजानंच बंदपण करतो.

मोजायचं कसं? सुई नाही, रक्त नाही. स्पायरोमेट्रीत नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून फुंकायचं, थांबायचं नाही. सोपं वाटतं, पण तालमीतले गडीपण तिसऱ्या फुंकेला घाम पुसतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते बघायचं, मग श्वासनलिका मोकळी करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलचे चार पफ द्यायचे, पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत फुंकायचं. मोठ्या माणसात तो आकडा निदान 12 टक्के आणि 200 मिली, दोन्हीनं वाढला तर दम्याचा चांगला पुरावा मिळाला. टेस्टच्या दिवशी सकाळी पंप मारायचा का नाही ते आधी विचारून या, नाहीतर मशीन चकतं.

पण दमा रोज सारखा नसतो. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा माणूस सुट्टी काढून टेस्टला येतो, त्या दिवशी सगळं नॉर्मल, रिपोर्ट हातात घेऊन तो खूश. अशा माणसाला मी पीक फ्लो मीटर देतो, प्लॅस्टिकची नळी आणि एक काटा, काही शे रुपयांत मिळतो. सकाळी आणि संध्याकाळी तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा, दोन आठवडे. दिवसातला चढउतार सरासरी 10 टक्क्यांच्या वर गेला (मुलांत 13) तर दम्याचा संशय पक्का होत जातो. कामाच्या दिवशी आकडा पडतो आणि सुट्टीत वर येतो असं दिसलं तर कामावरचा धूर नाहीतर धूळ बाधतेय का ते बघावं लागतं. गुऱ्हाळ चालू असतं किंवा शेजारी पाचट पेटवतात त्या दिवसांचीपण नोंद करा, मला ती वही रिपोर्टपेक्षा जास्त कामाला येते.

आता फेनो, नायट्रिक ऑक्साइडची टेस्ट. यात जोर नाही, हळू एकसारखी फुंक, साधारण दहा सेकंद. ॲलर्जीवाली सूज असली की श्वासनलिकेच्या आतल्या पेशी हा वायू जास्त सोडतात. मोठ्यांत 25 पीपीबीच्या (पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत किती भाग) खाली कमी, 50 च्या वर जास्त. जास्त आला तर स्टिरॉइडचा पंप लागू पडण्याची शक्यता चांगली. पंप चालू असूनही वर राहिला तर डोस वाढवायच्या आधी मी पेशंटला समोर पंप मारायला सांगतो, कारण निम्मं औषध जिभेवरच बसलेलं असतं किंवा पंप कपाटात पडलेला असतो. विडी-सिगरेट ओढणाऱ्यात आकडा खोटाच कमी दिसतो, पालक-बीट खाऊन आलात तर वाढतो, आणि कमी आला म्हणजे दमा नाहीच असं अजिबात नाही.

बारक्या पोरांना जोरात फुंकता येत नाही, तिथं ऑसिलोमेट्री, पोरानं साधा श्वास घ्यायचा आणि मशीन मोजतं, पण सगळीकडं मिळत नाही. धाप लागून बोलताच येत नसेल तेव्हा मात्र टेस्ट राहू दे, आधी दवाखाना गाठा.

आणि तात्पुरता आराम देणारा पंप वर्षात तीन-चार संपत असतील तर दमा ताब्यात नाही, अटॅकचा धोका वाढलाय, ‘मला बरं वाटतंय’ हे मी ऐकणार नाही. मीटर बाहेर टेबलावर ठेवलेत, फुंकून बघा, पण माउथपीस प्रत्येकानं नवीन घ्या.