काळा कोट शिवण्याआधी तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसा

श्रोतेहो, नमस्कार.

परीक्षांच्या निकालाचे दिवस आले की आपल्या खानदेशात घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "पोरगं बोलण्यात कोणाला हार जात नाही, याला वकील करून टाका." मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दर उन्हाळ्यात असे आईवडील मुलाला किंवा मुलीला घेऊन भेटायला येतात. तुझं बोलणं कसं आहे, हे मी त्या मुलांना विचारत नाही. घरचा सातबारा आणि त्याचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, कधी बसून वाचलेत का, एवढंच विचारतो. बहुतेक मुलं वडिलांकडे बघतात.

हा प्रश्न मी का विचारतो, ते सांगतो. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात वाटणीचे दावे खूप. समजा चोपड्याकडची एक बहीण येते आणि म्हणते, वडिलोपार्जित शेतात मलाही हिस्सा हवा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर नोंदणी झालेली किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी असेल, तर तिला धक्का लागत नाही. म्हणजे दावा कशावर उभा राहतो? एका तारखेवर आणि एका दस्तावर. तो दस्त शोधायचा तर तलाठ्याकडच्या नोंदी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली नक्कल, आजोबांच्या काळातलं पुसट अक्षर, सगळं भिंग लावून वाचावं लागतं. कोर्टातला युक्तिवाद कधी दहा मिनिटांत आटोपतो, पण त्याच्या मागे हे वाचन महिनोन् महिने चाललेलं असतं. ज्याला त्यात गोडी वाटते त्यानं लॉ करावं. ज्याला ते नकोसं होतं, त्याचं बोलणं कितीही धारदार असो, त्यानं या वाटेला येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फौजदारी बाजूलाही तेच. रावेरच्या शेतकऱ्याला केळीच्या व्यापाऱ्यानं दिलेला चेक वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर व्यापाऱ्याला 15 दिवस, आणि ते उलटल्यावर फिर्याद करायला एक महिना. वकिलानं नोटिशीचे दिवस मोजण्यात चूक केली, तर त्या शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक गेलं म्हणून समजा. हे ओझं अंगावर घ्यायची तयारी आहे का, हे ज्याचं त्यानं स्वतःला विचारावं.

बरं, हे घरी बसून कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तुमच्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसा. अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, शहादा, जे जवळ असेल ते. काही नाजूक प्रकरणं सोडली तर कोर्टाचं कामकाज सर्वांना खुलं असतं. मोबाइल बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा. सकाळी बोर्डावरच्या, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतल्या, प्रकरणांचा पुकारा ऐका. किती प्रकरणांत नुसती पुढची तारीख पडते ते पाहा. एखादी उलटतपासणी चालू असेल तर ती पूर्ण ऐका. आठवडाभर बसूनही पुढच्या आठवड्यात जावंसं वाटलं, तर ती खूण चांगली.

आता पैशांचं बोलू, कारण ते कोणी सांगत नाही. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन वर्षं. राज्याची सीईटी द्यावी लागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा वेगळी. 2024-25 पासून, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीत राज्य शासनाची सवलत आहे. कॉलेजात त्याची जरूर चौकशी करा. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फीसुद्धा आता आवाक्यात आली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालानं ती खुल्या वर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये इतकीच ठेवली. मग बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेची, परीक्षा पास व्हायची. खरी कसोटी त्यानंतर लागते. ज्युनिअर म्हणून काम करताना सुरुवातीची काही वर्षं हाती फार थोडे पैसे येतात. ग्रामीण भागात ज्युनिअरला महिना 15 हजार द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 मध्ये सुचवलं, पण ते बंधनकारक नाही आणि तालुक्याला तेवढे देणारे सीनिअर मला फारसे दिसत नाहीत. घरचं कर्ज तुमच्याच पगारावर फिटायचं असेल, तर हा हिशेब आईवडिलांसोबत बसून आधीच मांडा.

"जज व्हायचंय" म्हणून येणाऱ्या मुलांनीही ऐकावं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. त्यामुळे पदवी हातात येताच परीक्षा, हा बेत धरून चालू नका. आणि नोकरीतल्या मंडळींनो, "असू द्यावी एक डिग्री" म्हणून लॉ करत असाल तर ध्यानात घ्या, पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, आणि वर्गातली हजेरीही सक्तीची असते.

इंग्रजीच्या धास्तीनं मात्र मागे फिरू नका. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचं कामकाज मराठीत चालतं. पुढे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जायचं ठरवलं तर इंग्रजी लागेल. ती पाच वर्षांत कमावता येते. उज्ज्वल निकम जळगावातच कायदा शिकले आणि सरकारी वकील म्हणून त्यांनी सुरुवातही इथेच केली. प्रतिभाताई पाटील यांनीही जळगावच्या कोर्टात वकिली केली होती.

एक विनंती खास नंदुरबारकडच्या मुलामुलींना. धडगाव, अक्कलकुव्यात वनहक्काचे दावे 2006 च्या कायद्याखाली लढवायचे, तर ग्रामसभेचा ठराव, पुराव्याचे कागद आणि म्हाताऱ्यांच्या साक्षी हाताळाव्या लागतात. साक्ष देणारी आजी पावरी किंवा भिली बोलते आणि तिचं म्हणणं दुभाष्याच्या तोंडून दावा तपासणाऱ्या समितीपुढे येतं. त्यात निम्मं हरवतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. ती भाषा ज्यांच्या घरात बोलली जाते आणि ज्यांना कागद वाचायचा कंटाळा नाही, अशा मुलांची आम्हाला फार गरज आहे. तुमच्यापैकी कोणी विचार करत असेल, तर गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, तिथल्या वकिलांशी बोला, त्यांचं काम बघा. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि ओळखही लागत नाही.

नमस्कार.