स्टीव्ह डॅल्कॉव्स्की: २६२ बाद, २६२ फुकट

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न: 'एवढा वेगवान होता, मग मेजर लीगमध्ये एकही सामना का नाही?' मेजर लीग म्हणजे अमेरिकन बेसबॉलची सगळ्यात वरची लीग. म्हणून आज फक्त स्टीव्ह डॅल्कॉव्स्की.

ओळख पटकन सांगते. अमेरिकेच्या कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनचा डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा. १९५७ साली बाल्टिमोर ओरिओल्स या मेजर लीगच्या संघाने घेतला, १९६५पर्यंत खालच्याच लीगमध्ये खेळला. झालं.

आता 'वॉक'. सगळे इथेच अडखळतात. बॅटरच्या गुडघ्यापासून छातीच्या थोडं खालपर्यंत, प्लेटच्या (बॅटरपुढे जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) रुंदीएवढी चौकट धरा. चौकटीबाहेरचे चार चेंडू बॅटरने सोडले की तो आयता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर. आपल्याकडे वाइड टाकला तर एक धाव जाते. इथे चार वाइडला अख्खा माणूस बेसवर जाऊन उभा राहतो. तरी लक्षात येत नसेल तर हे बघा: १९६० साली खालच्या लीगमधल्या स्टॉकटन संघाकडून स्टीव्हने १७० इनिंग्जमध्ये (एका सामन्यात साधारण नऊ असतात) २६२ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद केले, आणि वॉकही दिले बरोब्बर २६२.

'सरळ टाकायचा, त्यात काय एवढं?' ही कमेंट वाचली की मला खरंच राग येतो. प्लेट १७ इंचांची. हे बघा, माझ्या दोन वितीसुद्धा भरत नाहीत. आणि टाकायचं साडेसाठ फुटांवरून. मी गच्चीच्या भिंतीवर खडूने चौकट आखून वीस चेंडू टाकले, तेही हळू. आत गेले सहा.

वेग मोजायलासुद्धा हीच अडचण आली. १९५८मध्ये त्याला ॲबर्डीनच्या लष्करी चाचणी मैदानावर नेलं. चेंडू यंत्राच्या चौकटीतून गेला तरच वेग कळणार, आणि तो जाईपर्यंत सुमारे ४० मिनिटं गेली! आदल्याच दिवशी तो सामना खेळला होता, पायाखाली पिचरचा उंचवटाही नव्हता. तरी ताशी ९३.५ मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर. शोएबच्या १६१.३शी तुलना करणाऱ्यांनो, शोएब लांबून धावत यायचा. पिचर जागेवरूनच टाकतो.

१९६२मध्ये तो खालच्या लीगमधल्या एल्मायरा संघात होता, तिथे अर्ल वीव्हर मॅनेजर होते. त्यांनी सांगितलं, फास्टबॉल (सरळ वेगवान चेंडू) आणि स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा), दोनच टाक. त्या हंगामात १६० इनिंग्जमध्ये १९२ स्ट्राइकआउट, वॉक ११४. बघा, किती खाली आले!

मार्च १९६३. ओरिओल्स त्याला वर घेण्याच्या बेतात होते. न्यू यॉर्क यांकीज संघाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याच्या डाव्या कोपराला दुखापत झाली. तो वेग पुन्हा आला नाही. तेव्हा तो २३ वर्षांचा होता.