बोलणं जमेना, लिहिणं जमलं

(दृश्य : शाईच्या दगडावर गोल फिरणारी शाईची वडी. काही क्षण फक्त घासण्याचा आवाज.)

साल १५९७. ठिकाण बीजिंग. मिंग सम्राटाच्या दरबारी आलेले दोन परदेशी वकील समोरासमोर बसलेत. एक कोरियाचा, यी सु-ग्वांग, पस्तिशीच्या आसपासचा. दुसरा व्हिएतनामचा, फुंग खाक ख्वान, सत्तरीला टेकलेला. याची भाषा त्याला कळत नाही, त्याची याला कळत नाही.

तरुण वकील कुंचला उचलतो आणि लिहितो : तुमच्याकडे म्हणे हिवाळासुद्धा वसंतासारखा उबदार असतो, खरं का? म्हातारा वाचतो आणि लिहून उत्तर देतो : दक्षिणेत वसंत फार, हिवाळा थोडा. पुन्हा प्रश्न : भाताची वर्षाला दोन पिकं? हो, दोन. मग गाडी कवितांवर येते. एकाने कविता लिहायची, दुसऱ्याने तिला कवितेनेच उत्तर द्यायचं. गप्पा रंगल्या, तोंडातून मात्र शब्द नाही.

या प्रकाराला तिकडे नावच होतं : कुंचल्याच्या गप्पा.

(दृश्य : कागदावर 'डोंगर' हे चिनी अक्षर उमटतं. मधलं शिखर उंच, दोन बाजूंना दोन ठेंगणी.)

हे जमलं कसं? दोघंही चिनी अक्षरांत लिहीत होते. 5 हा आकडा घ्या. मराठी माणूस तो 'पाच' वाचतो, गुजराती 'पांच', तमिळ 'ऐंदु'. चिन्ह एक, उच्चार ज्याचा त्याचा. चिनी अक्षरांचं बरंचसं तसंच. तीन शिखरांचं हे अक्षर चिनी माणूस 'शान' वाचतो, कोरियन 'सान', व्हिएतनामी 'सोन'. जपानी माणूस कधी 'सान', तर कधी अस्सल जपानी 'यामा'. फुजीसान म्हणतात त्यातला 'सान' हाच. अनेकांना वाटतं, तो आदरार्थी आहे, म्हणजे 'फुजीराव'. तसं नाही. तो साधा डोंगर आहे.

मग ही लिपी चीनने शेजाऱ्यांच्या गळ्यात मारली का? उत्तर इतकं सरळ नाही. आजचा उत्तर व्हिएतनाम जवळजवळ हजार वर्षं चिनी अंमलाखाली होता, तर जपानवर चिनी राज्य कधीच आलं नाही. जपानने ही अक्षरं आपणहून घेतली, तीही बरीचशी कोरियाच्या वाटेने. आणि व्हिएतनामने चिनी सत्ता दहाव्या शतकात झुगारली, त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १०७० साली, हनोईत कन्फ्यूशियसचं मंदिर उभं केलं आणि १०७५ला चिनी धर्तीच्या सरकारी परीक्षा सुरू केल्या. मालक गेला, पण त्याची शाळा ठेवून घेतली. पुढे चीनने स्वतः या परीक्षा १९०५मध्ये बंद केल्या. व्हिएतनामात शेवटची परीक्षा झाली १९१९ला!

याहून गंमत पुढेच आहे. १४०७मध्ये मिंग फौजांनी व्हिएतनाम पुन्हा गिळला. वीसेक वर्षांनी त्यांना हाकलल्यावर, १४२८ साली, न्गुयेन त्राय या मुत्सद्द्याने विजयाची घोषणा लिहिली. आमचे डोंगर-नद्या वेगळ्या, आमच्या चालीरीती वेगळ्या, असं तीत ठणकावून सांगितलं. हे सगळं लिहिलं होतं अभिजात चिनी भाषेत.

(दृश्य : सोल. राजा सेजोंगचा पुतळा.)

कोरियाचा राजा सेजोंग याला मात्र एक गोष्ट डाचत होती. आमच्या देशाचं बोलणं चिनी अक्षरांशी जुळत नाही, म्हणून साध्या माणसाला काही सांगायचं असलं तरी ते लिहून सांगता येत नाही, असं त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय. १४४३च्या अखेरीला त्याने २८ नवी अक्षरं तयार केली.

आता जरा 'न' म्हणून पाहा. जीभ कुठे गेली? टोक वर उचललं आणि दातांमागे टेकलं. सेजोंगचा 'न' म्हणजे त्या वळलेल्या जिभेचंच चित्र. 'म'साठी मिटलेलं तोंड, म्हणजे एक चौकोन. सकाळी शिकायला बसलेला हुशार माणूस दुपारच्या आत शिकेल आणि मठ्ठातला मठ्ठ दहा दिवसांत, अशी या अक्षरांची ख्याती दरबारातल्याच एका विद्वानाने लिहून ठेवली.

पण राजाच्याच विद्वानांपैकी छ्वे मल्ली भडकला. १४४४ला त्याने अर्ज ठोकला : स्वतःची लिपी मंगोल, तिबेटी, जपानी असल्या रानटी लोकांची असते, आपण चीनला सोडून त्यांच्या पंक्तीला बसायचं? हे म्हणजे सुगंधी धूप फेकून शेणकिड्याची गोळी हाती घेणं. राजाने त्याला एक रात्र कोठडीत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. १४४६ला लिपी जाहीर झाली. तिची फोड करून सांगणारा ग्रंथ मात्र लिहिला गेला चिनीतच. नाहीतर लिहिणार कशात? वाचणारे सगळे चिनीच वाचणारे. पुढे कित्येक शतकं पंडितांनी या लिपीला गावठी म्हणून नाक मुरडलं. बायकांनी मात्र तिच्यात पत्रं लिहिली.

(दृश्य : जपानी पडदा, त्यामागे दिव्याची वात.)

जपानात हीच गोष्ट आधी घडून गेली होती. चिनी अक्षरं झरझर लिहिता लिहिता गोलावत गेली आणि त्यांतून हिरागाना लिपी झाली. तिला म्हणत 'बायकांचा हात'. तिची आजची मुळाक्षरं ऐका : आ, इ, उ, ए, ओ. का, सा, ता, ना. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? संस्कृत मंत्रांचे उच्चार शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे आपली वर्णमाला तिथवर पोचली होती.

मुरासाकी शिकिबू ही हजार वर्षांपूर्वीची लेखिका. भावाला चिनी शिकवलं जायचं, ही नुसती ऐकून त्याच्याआधी शिकायची. वडील हळहळले : काय नशीब माझं, ही मुलगा झाली नाही. पुढे ती राणीच्या पदरी राहिली. पडद्यावर लिहिलेली ओळसुद्धा आपल्याला वाचता येत नाही, असं ती चारचौघांत दाखवायची. आसपास कुणी नसलं, की त्याच राणीला ती चिनी कवी बाय ज्युयी शिकवायची. हे सगळं तिच्या रोजनिशीत आहे, आणि ती रोजनिशी आहे 'बायकांच्या हाता'त.

एकोणिसाव्या शतकात वारा फिरला. पाश्चात्त्य कल्पनांसाठी जपान्यांनी चिनी अक्षरं जोडून नवे शब्द पाडले आणि चीनने ते घेतले. टेलिफोनला चिनी लोक आधी इंग्रजीवरून 'दलुफंग' म्हणायचे. मग जपानी 'देन्वा', म्हणजे विजेचं बोलणं, तिकडे गेला आणि 'द्येन्ह्वा' झाला.

(दृश्य : हनोईचं मंदिर. दगडी कासवांच्या रांगा, प्रत्येकाच्या पाठीवर शिलालेख.)

हनोईच्या मंदिरात अशी ८२ कासवं आहेत. १४४२ ते १७७९ या काळातल्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं त्यांच्या पाठीवरच्या दगडांवर कोरलीत. परीक्षेच्या दिवसांत मुलं इथे येतात. कासवाच्या डोक्यावरून हात फिरवला की पेपर चांगला जातो म्हणे. हात फिरवून फिरवून डोकी गुळगुळीत झाली, शेवटी कठडे घालावे लागले.

आज व्हिएतनामी लिहितात रोमन लिपीत. त्यामुळे कठड्यापाशी उभ्या मुलाला समोरच्या दगडावरचं एकही नाव वाचता येत नाही. पण तू कोण, असं विचारलं तर तो म्हणेल, 'हॉक सिन'. म्हणजे विद्यार्थी. सोलमधला मुलगा म्हणेल, 'हाक्सेंग'. तोक्योतला, 'गाकुसेई'.