घराचा पत्ता आणि शाळेचा पैसा

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा, घर घेताना आधी काय बघितलं, तो पटकन सांगेल, स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारा विभाग. कारण तिथे बहुतेक मुलांची सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा त्याच भागातल्या घरांवरच्या टॅक्समधून येतो, म्हणजे जिथे घरं महाग तिथली शाळा पैसेवाली.

आता टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचंच बघा. मे १९६८, एजवूड हा मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा भाग, तिथल्या हायस्कूलची शेकडो पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली, मागणी काय तर फुटक्या खिडक्या नीट करा आणि धड ट्रेनिंग झालेले शिक्षक द्या, बस. मग डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि आणखी काही पालक कोर्टात गेले. आकडे ऐका. एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर टॅक्स भरायचे, सॅन अँटोनिओतल्याच श्रीमंत अलामो हाइट्सचे फक्त ८५ सेंट, आणि तरीही सगळीकडचा पैसा धरून एजवूडच्या पोराच्या वाट्याला वर्षाला ३५६ डॉलर, तिकडे ५९४! जास्त भरूनही कमीच, कारण एजवूडच्या घरांना किंमतच नव्हती. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ मतांनी पालक हरले, शिक्षण हा देशाच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही म्हणे. मला हे आजही पटत नाही.

त्यानंतर सुधारणा खूप झाल्या. मिलवॉकीत १९९० ला व्हाउचर, म्हणजे सरकारी पैशातून खासगी शाळेत शिकायची सोय, मिनेसोटात १९९१ ला चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांचा कायदा, मग २००२ चा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचा देशभराचा कायदा, तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं पास. ते अर्थातच झालं नाही, २०१५ मध्ये तो कायदा बदलावा लागला. त्यात एक गोष्ट मात्र खरंच चांगली होती, गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांचे निकाल वेगळे दाखवावे लागायचे, सरासरीत लपवता यायचे नाहीत. पण निकाल खराब आला की शाळेवर कारवाई, आणि त्या शाळेकडे मुळात पैसा किती होता हे कुणी विचारायचं?

शेवटी टेक्सास राज्याच्याच सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये एकमताने सांगितलं की शाळांना पैसा देण्याची ही पद्धत राज्याच्या घटनेत बसत नाही, आणि श्रीमंत डिस्ट्रिक्टचा पैसा गरिबांकडे वळवणारा कायदा १९९३ ला आला. एजवूडची ती पोरं तोवर चाळिशीत पोचली होती.