आधी कोणी टोचून घेतली?

नमस्कार श्रोतेहो. साथ आली की लसीच्या फायद्यांची पत्रकं निघतात, भोंगे लावलेल्या गाड्या फिरतात. तरी लोक केंद्रावर येत नाहीत, आणि आपण त्यांना अडाणी ठरवून मोकळे होतो. मला हे मुळीच पटत नाही.

१८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून काही महिन्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, दंड ठणकला. मग भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. त्यांच्यातही काहींना प्लेग झाला, पण लस न घेतलेल्यांच्या मानाने फार थोड्यांना. इस्माइली मुसलमानांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी तर आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली.

त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं? रँडसाहेबांचे सोल्जर घराघरांत, अगदी देवघरापर्यंत घुसत होते. पुणेकरांना प्लेगपेक्षा त्याचा बंदोबस्त भयंकर वाटू लागला. २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. असा धाक सोसलेल्या माणसाने सरकारी सुईवर एकदम विश्वास तरी कसा ठेवावा?

कोरोनाच्या वेळी १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं, तेव्हा पहिली लस दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना मिळाली. म्हणजे गावातली नर्सताई, आशाताई स्वतःचा दंड दाखवून बोलू शकत होत्या. त्या बोलण्याला जे वजन होतं, ते कुठल्याही जाहिरातीला नव्हतं.

म्हणून लसीबद्दल सांगणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. ताप येईल, अंग दुखेल, हे सुई टोचण्याआधीच सांगा. आधी सांगितलेला ताप माणूस सोसतो; न सांगता आलेला ताप सगळ्या आळीला घाबरवतो. ‘लस घेऊनही त्याला कोरोना झालाच ना?’ असं कुणी विचारलं तर चिडू नका. झाला असेल, असंच म्हणा. पण लसीमुळे आजार विकोपाला जाण्याचा आणि जीव जाण्याचा धोका खूप कमी होतो, हेही सांगा. मजुरी बुडेल म्हणून कुणी येत नसेल, तर त्याला फायदे ऐकवून काय उपयोग? त्याच्यासाठी संध्याकाळी केंद्र उघडं ठेवायला हवं.

आणि लस घेऊन गेलेल्यांची दुसऱ्या दिवशी चौकशी करा. ताप उतरला का, जेवण गेलं का, एवढं विचारलंत तरी शेजारच्या घरातलं माणूस पुढच्या खेपेला येईल.