बापाला सगळ्यात शेवटी कळतं

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटेची वेळ आहे. अथेन्समधल्या एका घराच्या दारात एक म्हातारा माणूस उभा आहे. रात्री मेजवानीला गेलेला मुलगा अजून घरी आलेला नाही. त्याला आणायला गेलेले नोकरही आलेले नाहीत. म्हातारा गुलामाला हाक मारतो, ओ कुणीच देत नाही. मग तो स्वतःशीच बोलायला लागतो. पोराला गारठा तर बाधला नसेल? कुठे पडला तर नसेल? हातपाय तर मोडून घेतले नसतील? आणि मग एकदम त्याचं त्यालाच नवल वाटतं, की माणूस स्वतःच्या जिवापेक्षा प्रिय असं काही का म्हणून जोडून ठेवत असेल! बरं, हा मुलगा त्याच्या पोटचाही नाही. भावाचा आहे, दत्तक घेतलेला.

इसवी सनपूर्व १६० मध्ये रोममध्ये झालेल्या एका विनोदी नाटकाची ही सुरुवात. नाटकाचं नाव ‘अडेल्फी’, म्हणजे ‘भाऊ’. लेखक टेरेन्स. जुनं चरित्र सांगतं की तो आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये जन्मला, रोममध्ये एका सिनेटरच्या घरी गुलाम होता, त्या मालकानंच त्याला शिकवलं आणि पुढे मुक्त केलं. त्यानं सहा नाटकं लिहिली, ती सहाही आज शिल्लक आहेत. त्यातलं हे शेवटचं. मूळ कथा ग्रीक नाटककार मेनँडरची, म्हणून गोष्ट घडते अथेन्सला. पण ती पाहणारे बाप रोमन होते. कायद्यानं बाप जिवंत असेपर्यंत मुलाच्या नावावर काहीही नसायचं, अशा समाजातले बाप.

गोष्ट दोन म्हाताऱ्या भावांची आहे. धाकटेपण-मोठेपण बाजूला ठेवू, स्वभाव बघू. डेमिया शेतकरी. गावाकडे राहतो, उन्हातान्हात राबतो, पै-पै जोडतो. मिकिओ, म्हणजे सुरुवातीला दारात उभा असलेला तो म्हातारा, शहरात राहतो, लग्न केलेलं नाही, निवांत आहे. डेमियाला दोन मुलं. थोरला एस्किनस त्यानं मिकिओला दत्तक दिला, धाकटा क्टेसिफो स्वतःजवळ ठेवला. मिकिओनं थोरल्याला मोकळं सोडलं: पैसे दिले, चुका पोटात घातल्या, आणि एकच अपेक्षा ठेवली, की त्यानं माझ्यापासून काही लपवू नये. डेमियानं धाकट्याला धाकात वाढवलं.

मिकिओचं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. तो म्हणतो, दुसऱ्याच्या भीतीनं नव्हे तर आपल्या मनानं नीट वागायची सवय मुलाला लावणं हे बापाचं काम. बाप आणि मालक यांच्यात फरक असतो तो इथेच. हे एका माजी गुलामानं लिहिलं आहे, हे विसरू नका. मालक म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता नाटक कसं चालतं ते बघा. एस्किनसनं मुली विकणाऱ्या एका दलालाचं दार फोडून, त्याला मारहाण करून एक वीणा वाजवणारी मुलगी पळवून आणली आहे. गावभर बोभाटा. डेमिया तावातावानं मिकिओकडे येतो: बघ, तुझ्या लाडांनी काय केलं! माझा धाकटा बघ, शेतावर कसा राबतो! प्रत्यक्षात ती मुलगी थोरल्यानं पळवलीय धाकट्यासाठी. शेतावर राबणारा तो आदर्श मुलगा तिच्या प्रेमात बुडालाय आणि या क्षणी काकाच्याच घरात बसलाय.

इथून पुढे नाटकाचा सगळा विनोद एकाच गोष्टीवर उभा आहे. सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, फक्त बापाला नाही. डेमिया मोठ्या तोऱ्यात म्हणतो, घरातलं वाईट मलाच पहिल्यांदा जाणवतं, पहिल्यांदा मलाच कळतं. बाजूला उभा असलेला मिकिओचा गुलाम सिरस म्हणतो, हसू येतं याचं; म्हणे सगळ्यात आधी याला कळतं, आणि एकटा हाच आहे ज्याला काही म्हणजे काही माहीत नाही.

स्वयंपाकाच्या गडबडीतला प्रसंग तर ऐकाच. सिरस मेजवानीची तयारी करतोय. मासे साफ करा, तो मोठा वाम मासा थोडा वेळ पाण्यात खेळू दे, मी आल्यावर कापू, अशा सूचना चालल्यात. डेमिया त्याला आपली शिकवण समजावतो: मी मुलाला सांगतो, दुसऱ्यांच्या आयुष्यात आरशात बघावं तसं बघ आणि धडा घे. हे कर, ते टाळ. सिरस गंभीर चेहऱ्यानं मान डोलावतो. म्हणतो, मालक, मीही इथल्या गड्यांना हेच शिकवतो. हे खारट झालं, हे करपलं, हे नीट धुतलं नाही. भांड्यांत आरशात बघावं तसं बघा, असंच सांगतो मी त्यांना. आणि डेमियाला कळतही नाही की आपली टिंगल चाललीय. प्रेक्षक हसतो. मीही हसते. पण डेमियानं ते आरशाचं वाक्य मनापासून म्हटलं होतं. त्याच्याजवळ मुलाला द्यायला जे होतं ते सगळं त्या वाक्यात होतं.

पुढे सिरस त्याला गावभर फिरवतो. मिकिओ कुठे भेटेल विचारल्यावर पत्ता सांगतो: बाजाराजवळच्या पडवीवरून वर जा, मग उतार लागेल, तिथं देऊळ, शेजारी बोळ, मोठं अंजिराचं झाड... डेमिया म्हणतो, अरे, तो बोळ पुढे बंद आहे. सिरस म्हणतो, खरंच की, चुकलंच माझं. मग असं करा, डावीकडे वळा, डायनाच्या देवळापाशी उजवीकडे, वेशीच्या अलीकडे तळ्याशेजारी एक छोटी गिरणी, तिच्या समोर सुताराचं दुकान. तुमचे भाऊ तिथं ओकच्या पायांच्या बाजा करून घेतायत, उन्हात बसायला. म्हातारा निघतो. वेस बघतो, तळं बघतो, पाय दुखेस्तोवर फिरतो आणि परत येतो. ना सुताराचं दुकान, ना भाऊ.

शेवटी त्याला कसं कळतं? घरातून एक नोकर सिरसला हाक मारत येतो: ‘सिरस, क्टेसिफो बोलावतोय तुला.’ बस्स. नोकराच्या तोंडून निसटलेल्या एका नावामुळे बापाला कळतं, की मुलगा शेतावर नाही, याच भिंतीच्या आड आहे.

श्रोतेहो, इथं आले की मला माझे वडील दिसतात. आमच्या थोरल्या दादाला शिकायला पुण्याला काकांकडे ठेवलं होतं. त्या काळी तशी रीतच होती, घराघरांत असे काका होते. वडील वर्षातून दोन-तीनदा एसटीनं पुण्याला जायचे. सोबत ज्वारीचं पोतं, भुईमुगाच्या शेंगा, फडक्यात बांधलेला गूळ. एकदा ते असेच निघाले होते आणि स्टँडवर गावातलाच कुणीतरी भेटला. त्यानं सहज विचारलं, थोरल्यानं कॉलेज सोडलं म्हणे, आता काय करतो? दादानं कॉलेज सोडून चार महिने झाले होते. काकांना माहीत होतं, काकूंना माहीत होतं, आम्हा भावंडांनाही माहीत होतं. वडील तरीही पुण्याला गेले, पोतं उतरवून ठेवलं, चहा घेतला आणि काही न बोलता संध्याकाळच्या गाडीनं परत आले. दादानं छापखान्यात काम धरलं होतं आणि तो त्यात चांगला रमला होता. त्याचं वडिलांना काही वाटलं नाही, हे त्यांनी पुढे कितीदा तरी सांगितलं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. ‘मी काय खाल्लं असतं का त्याला?’ एवढंच ते आईला म्हणाले. आम्ही ओसरीवर झोपेचं सोंग घेऊन ते ऐकलं.

डेमियाचं दुःख हेच आहे. नव्या पिढीची चाल त्याला पटत नाही हे खरं; पण त्याला खरी आच लागते ती निराळीच. नाटकाच्या शेवटाकडे तो एकटाच रंगमंचावर उभा राहून बोलतो. म्हणतो, माणसानं आयुष्याचा कितीही पक्का हिशेब मांडला तरी काळ, वय, अनुभव काहीतरी नवं शिकवतोच. मी लग्न केलं, मुलं झाली, त्यांच्यासाठी जास्तीत जास्त करायचं म्हणून कमावण्यात आयुष्य झिजवलं. आता सरत्या वयात त्या कष्टांचं फळ काय, तर राग. ती माझ्या भावावर माया करतात, मला टाळतात. त्यानं जगावं म्हणतात आणि माझ्या मरणाची वाट बघतात. या सगळ्यात एक छोटं वाक्य आहे: मनातले बेत ती त्याला सांगतात. एवढ्या मोठ्या गाऱ्हाण्यात मला तेच सगळ्यात जड वाटतं.

आणि मिकिओला तरी सगळं कळतं का? नाही. ज्या मुलानं काही लपवू नये म्हणून त्यानं एवढं केलं, त्या एस्किनसनं नऊ महिने एक गोष्ट लपवली आहे. शेजारच्या गरीब विधवेच्या मुलीवर, पाम्फिलावर, त्यानं एका रात्री जबरदस्ती केली, मग रडून लग्नाचं वचन दिलं, आणि घरी अवाक्षर काढलं नाही. नाटक चालू असतानाच ती बाळंत होते. संबंध नाटकात ती आपल्याला दिसत नाही, आतून तिची एकच किंकाळी ऐकू येते: प्रसूतीच्या देवीला, जूनोला घातलेली हाक. नाटकातला एक सज्जन वृद्धसुद्धा म्हणतो, रात्र, प्रेम, दारू, तारुण्य, माणसाच्या हातून होतं असं. मला हे मान्य नाही. म्हाताऱ्या बापांच्या दुःखावर इतक्या हळुवारपणे लिहिणाऱ्या टेरेन्सनं त्या मुलीला त्या हाकेपलीकडे एक वाक्यही दिलं नाही, हे या नाटकावर प्रेम करणाऱ्यांनीही सांगितलंच पाहिजे.

आता हे नाटक कुठे झालं ते सांगते, कारण ते कळल्यापासून मला ते वेगळंच दिसायला लागलं. ते झालं लुसियस एमिलियस पॉलस या सेनापतीच्या अंत्यविधीनिमित्तच्या खेळांमध्ये. पॉलसनं इसवी सनपूर्व १६८ मध्ये पिडनाच्या लढाईत मॅसिडोनियाच्या राजाचा पराभव केला होता. पुढच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की त्यानं मुलांना जुनं रोमन शिक्षण दिलंच, शिवाय ग्रीक शिक्षक ठेवले, व्याकरणाचे, वक्तृत्वाचे, चित्रकलेचे, शिकारीचेसुद्धा. आणि राज्याची कामं नसतील तेव्हा तो स्वतः मुलांच्या अभ्यासाला बसायचा. त्याच काळात रोममध्ये केटो नावाचा राजकारणी होता. ग्रीक चालीरीतींबद्दल कायम साशंक असलेला, मुलाला वाचता यावं म्हणून स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत रोमचा इतिहास लिहून देणारा. तोही बापच, तोही प्रेमाचाच. मिकिओ आणि डेमिया त्या शहरात खरोखर वावरत होते.

पॉलसला चार मुलगे. थोरले दोघे त्यानं दुसऱ्या घराण्यांत दत्तक दिले. धाकटे दोघे घराचं नाव चालवायला ठेवले. मॅसिडोनियाच्या विजयाची मिरवणूक निघायच्या पाच दिवस आधी त्यातला चौदा वर्षांचा गेला, आणि मिरवणुकीनंतर तीन दिवसांनी बारा वर्षांचा. सात वर्षांनी पॉलस वारला तेव्हा हे खेळ भरवले ते दत्तक गेलेल्या त्या दोन मुलांनी. आता त्यांची नावंही बापाच्या घराण्याची नव्हती. एक फाबियस, एक स्किपिओ. भावाला मुलगा दत्तक देणाऱ्या बापाचं नाटक त्या दोघांनी आपल्या बापाच्या अंत्यविधीला करवलं. का, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण मी त्या दोघांना पहिल्या रांगेत बसलेलं पाहते.

शेवट सांगते. त्या एकट्या भाषणानंतर डेमिया बदलतो. सगळ्यांशी गोड बोलतो, आणि उदार होतो तो भावाच्या पैशानं. बागेची भिंत पाडा, सून आपल्याच घरात आणा. पासष्ट वर्षांच्या मिकिओला म्हणतो, विहिणीशी लग्न कर. मिकिओ ओरडतो, पासष्टाव्या वर्षी मी नवरदेव होऊ? मग सिरसला मुक्त कर, त्याच्या बायकोला मुक्त कर, विहिणीच्या गरीब नातेवाइकाला जमिनीचा तुकडा दे. ‘हो’ म्हणायची सवय लागलेल्या मिकिओला एकदाही ‘नाही’ म्हणता येत नाही. मेनँडरच्या मूळ नाटकात म्हातारा लग्नाला एवढी खळखळ करत नव्हता, असं जुना टीकाकार डोनाटस सांगतो; म्हणजे ही ओढाताण टेरेन्सनं वाढवलेली. मिकिओची ही फजिती अन्याय्य आहे असं पुष्कळांना वाटतं. मलाही पूर्वी वाटायचं. आता वाटतं, ती त्या पुढच्या चार ओळींसाठी आहे.

डेमिया मुलांकडे वळतो. म्हणतो, तुम्ही याला भला म्हणता ते हा सगळ्याला होकार देतो म्हणून. माझं वागणं नकोसं असेल, तर जा, उधळा, हवं ते करा. पण तरुणपणामुळे जिथं तुम्हाला कमी दिसतं, हाव जास्त असते, विचार कमी पडतो, तिथं कुणी टोकावं, सावरावं, वेळेला साथ द्यावी असं वाटत असेल, तर हा मी इथं आहे.

त्यावर एस्किनस म्हणतो, बाबा, आम्ही तुमच्यावर सोपवतो. काय करायला हवं ते तुम्हाला जास्त कळतं. आणि लगेच विचारतो, पण भावाचं काय करायचं?

संबंध नाटकात मुलगा डेमियाला सल्ला विचारतो तो इथं, पहिल्यांदा. डेमिया म्हणतो, असू दे, ठेवू दे त्याला ती वीणावाली मुलगी. पण आता ही शेवटची.