करिंथची राहिलेली वर्गणी

श्रोतेहो, नमस्कार. आज एक ग्रीक शब्द घेऊ या. प्लेओनेक्सिया. पुन्हा म्हणते, प्लेओनेक्सिया. बायबलच्या नव्या करारात तो १० वेळा येतो. 'प्लेओन' म्हणजे अधिक, आणि पुढचा भाग 'जवळ असणं' या क्रियापदातून आलेला. मराठीत आपण 'लोभ' म्हणून पुढे जातो. पण लोभी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पैसे मोजत बसलेला चिक्कू. त्याच्यासाठी ग्रीकमध्ये निराळा शब्द आहे, फिलार्गिरिया, म्हणजे चांदीचं प्रेम. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पैशाच्या लोभाला सगळ्या वाइटाचं मूळ म्हटलंय, तिथे हा दुसरा शब्द आहे. प्लेओनेक्सिया करणारा चिक्कू असेलच असं नाही, चांगला उधळ्याही असेल. तो आपल्या वाट्याहून जास्त उचलतो, आणि ते जास्तीचं दुसऱ्या कुणाच्या वाट्यातून गेलेलं असतं. लक्षात ठेवा, वाट्याहून जास्त. ॲरिस्टॉटल न्यायाची चर्चा करताना एक बारीक गोष्ट सांगतो: असा माणूस चांगल्या गोष्टींत जास्त घेतो आणि तोशीस वाटायची वेळ आली की कमी घेतो. घरोघरी असा एक तरी असतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा. म्हणजे भाऊ दोन असतील तर वाटे तीन, त्यातले दोन थोरल्याचे. या माणसाचा दावा कदाचित रास्तही असेल. पण येशू वाटणीत पडायला साफ नकार देतो आणि म्हणतो, सगळ्या प्रकारच्या प्लेओनेक्सियापासून जपा. पुढे कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या धनवानाचा दाखला येतो, तो तुम्हाला माहीत आहे.

आता करिंथची गोष्ट. ही सांगायला मला फार आवडते, त्यामुळे वेळ खाईल, सांभाळून घ्या.

काळ इ.स. ५५च्या आगेमागे. यरुशलेमेतल्या ख्रिस्ती मंडळीत गरिबी होती. पौलाने, म्हणजे गावोगावी फिरून येशूचा संदेश सांगणाऱ्या प्रेषिताने, ठरवलं की बाहेरच्या, बहुतांशी यहुदी नसलेल्या मंडळ्यांनी त्यांच्यासाठी वर्गणी काढायची. गलतीया, मासेदोनिया, अखया, या सगळ्या प्रांतांतून. करिंथ हे अखयाचं मुख्य शहर, दोन बाजूंना दोन बंदरं, पैसा खेळता. पौल इफिस शहरातून त्यांना पद्धत लिहून कळवतो. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १६वा अध्याय काढा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, आपापल्या जवळ, जशी मिळकत झाली असेल त्या मानाने बाजूला काढून ठेवायचं. मी आल्यावर मग धावपळ नको. आणि रक्कम घेऊन जाणारी माणसं तुम्हीच पसंत करा, मी सोबत पत्रं देईन. आकडा नाही, टक्केवारी नाही. जशी मिळकत तसं, आणि दर आठवड्याला थोडं थोडं.

मग बिनसलं. मधल्या काळात पौलाचं आणि करिंथकरांचं चांगलंच वाजलं. वर्ष उलटलं, वर्गणी अर्धवट. शिवाय कुजबुज सुरू झालेली दिसते. पौल करिंथात असताना त्याने स्वतःच्या खर्चासाठी तिथल्यांकडून काही घेतलं नव्हतं, मासेदोनियातून आलेल्या भावांनी त्याची गरज भागवली होती. आता लोक म्हणत असावेत, उघड घेत नाही, पण वर्गणीच्या आडून घेतोय. म्हणून दुसऱ्या पत्राच्या १२व्या अध्यायात तो थेट विचारतो: मी पाठवलेल्यांपैकी कोणाच्या हातून तुम्हाला लुबाडलं का? तीताने लुबाडलं का? तीत हा त्याचा सहकारी. इथलं 'लुबाडणं' हे क्रियापद प्लेओनेक्सियाच्याच घरातलं.

अडचण आणखी एक होती. पौलाने मासेदोनियात सांगून टाकलं होतं की अखया गेल्या वर्षापासून तयार आहे! तिकडे मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत असून त्यांनी ऐपतीपलीकडे दिलं. आता त्यांच्यातले कोणी सोबत आले आणि करिंथची पाटी कोरी दिसली तर? तुमची काय, आमचीच फजिती, असं तो लिहितो. मग तिघांना पुढे पाठवतो. एक तीत. दुसरा मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ, आणि तिथलं क्रियापद मूळचं हात वर करून निवडण्याचं आहे. तिसरा बऱ्याच कामांत पारखून घेतलेला भाऊ. दोघांची नावं तो देत नाही. कारण मात्र देतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये. देवासमोर बरोबर असून भागत नाही, माणसांसमोरही बरोबर दिसलं पाहिजे. दुसऱ्या पत्राचा हा ८वा अध्याय प्रत्येक उत्सव मंडळाच्या खजिनदाराने पाठ करावा, मग त्याचा धर्म कोणताही असो. पेटीची किल्ली एकाच खिशात असली की भला माणूससुद्धा संशयात सापडतो.

आणि आता ९व्या अध्यायाचं ५वं वचन. तुमची देणगी आशीर्वाद म्हणून तयार असावी, प्लेओनेक्सिया म्हणून नव्हे. काही अभ्यासक म्हणतात, हे देणाऱ्याने हात आखडता घेणं झालं. मला ते पटत नाही. वाट्याहून जास्त घेणं हा शब्दाचा गाभा असेल, तर बोट मागणाऱ्याकडे आहे: आयत्या वेळी दारात उभं राहून उकळलेले पैसे, म्हणजे प्लेओनेक्सिया. काम पुण्याचं असलं तरी. पुढच्याच ओळींत तो म्हणतो, मनात ठरवल्याप्रमाणे द्या, कुरकुरत नको, जबरदस्तीने नको. 'संतोषाने देणारा देवाला आवडतो' ही ओळ तिथलीच. ती एकटी कॅलेंडरवर छापली की मागची सगळी भांडाभांड पुसली जाते. पत्रं अशी तुकड्यांनी वाचू नयेत.

तरी पौल स्वतः काय करतो? मासेदोनियाची उदारता करिंथकरांच्या नाकासमोर धरतो. फळ्यावर देणगीदारांची नावं रकमेच्या उतरत्या क्रमाने लावतात ना, त्यातलाच प्रकार. मला तो कुठेच आवडत नाही, इथेही नाही.

त्याचं खरं माप मात्र ८व्या अध्यायात आहे, आणि ते मान्ना, म्हणजे इस्राएली लोकांना रानात देवाकडून मिळालेलं अन्न, गोळा करण्याच्या कथेतून घेतलेलं. रानात माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. ज्याने फार गोळा केलं त्याला जास्त उरलं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं त्यात किडे पडले. पौल याला समानता म्हणतो.

कलस्सैकरांच्या पत्रात याच शब्दाला मूर्तिपूजा म्हटलंय, आणि थेस्सलनीकाकरांना तर दुसऱ्याच्या संसारात हात घालण्याबद्दल 'लुबाडणं' हेच क्रियापद वापरलंय. त्यावर वेगळं भाषण लागेल.

वर्गणीचं पुढे काय झालं? रोमकरांना पत्र लिहिताना, बहुधा करिंथातूनच, पौल म्हणतो की मासेदोनिया आणि अखया दोघांनी दिलं. त्याच पत्राच्या शेवटी एरास्त नावाच्या नगराच्या खजिनदाराचा नमस्कारही आहे. पण पौलाची काळजी संपलेली नाही. तो रोमकरांना प्रार्थना करायला सांगतो: यरुशलेमेतल्या लोकांनी हे पैसे स्वीकारावेत.

नमस्कार.